रक्तदाबाची गोळी : एक राखण

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या लातूर येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयावर मी चार शब्द बोलावेत, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला कळविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी एक साधा शाळामास्तर. १९७५ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात हयात घालविली. वैद्यकशास्त्राची पायरी मी चढलेलो नाही. परंतु नंतर मनात आले की, एखाद्या विषयावर बोलण्याचा अधिकार दोन वाटांनी येतो. एक वाट अभ्यासाची व दुसरी ठेच लागण्याची. पहिली वाट माझी नव्हे. दुसरीने मात्र मी गेलो आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे, त्यातील शास्त्राचा भाग मी जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतला आहे. अनुभवाचा भाग माझा आहे, आणि त्यात घडलेली चूकही माझीच आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडली व कंधार तालुक्यातील आमच्या गावी किराणा दुकानाच्या गादीवर ते बसले. मी शिकलो तो त्यांच्या जिवावर. आपल्या समाजात दुकानाची गादी म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. पहाटे फळ्या उघडावयाच्या, रात्री दहाला लावावयाच्या, आणि दिवसभर उधारीची चिंता डोक्यावर वाहावयाची. दादांची प्रकृती बाहेरून पाहता उत्तम होती. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. २००७ साली उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी एक तपासणी शिबिर भरले होते. तेथे सहज म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो दाब निघाला १७०/१००. आठ दिवसांनी पुन्हा मोजला, तरी तेवढाच. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली व रोज सकाळी घ्या म्हणून सांगितले. दादांनी नेमाने घेतली. चार-पाच महिन्यांत दाब १३०/८० वर आला.

त्या दिवाळीला मी गावी गेलो. दादांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. घरात शिकलेला असा मी एकटाच. मी चष्मा लावून आकडे वाचले आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "दादा, आता तुमचा दाब अगदी सरळ झाला आहे. मग ही गोळी कशाला? एकदा सवय लागली की जन्मभर सुटायची नाही." दादा हसले. "मास्तर म्हणतात म्हणजे खरेच असणार," असे म्हणून त्यांनी गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली.

२००९ सालच्या माघात, एका पहाटे दुकानाची फळी काढता काढता दादा खाली बसले. उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. जीपगाडीतून त्यांना नांदेडला नेले. तेथील डॉक्टरसाहेबांनी दाब पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा : "गोळी केव्हापासून बंद आहे?" वहिनी म्हणाल्या, "सव्वा वर्ष झालं." एवढेच बोलल्या. कोणी बंद करविली, हे त्यांनी सांगितले नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. बंधुभगिनींनो, त्यांच्या त्या न बोलण्याने माझ्या मनावर जे लिहिले, ते पुसले गेलेले नाही. म्हणून मी आज येथे उभा आहे.

पुढे काही दिवसांनी धीर करून मी त्याच डॉक्टरसाहेबांना विचारले, "दाब उतरला होता, तरीही गोळी चालू ठेवावयास हवी होती काय?" त्यांनी मला उलट प्रश्न केला, "मास्तर, तुमच्या गावी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणदार बसवितात ना? तो गोफण फिरवितो म्हणून पाखरे उतरत नाहीत. आता पाखरे दिसत नाहीत एवढ्यावरून कोणी राखणदाराला खाली उतरविले, तर काय होईल?" मी निरुत्तर झालो. जी गोष्ट अडाणी शेतकऱ्याला उमगते, ती मला उमगली नव्हती. दाब उतरला होता तो गोळी चालू होती म्हणून. दादा बरे झाले नव्हते. त्यांची राखण चालली होती.

आता ही राखण कशाची, ते पाहू. आपले हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. दिवसाकाठी तो सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो व शुद्ध रक्त रोहिण्यांमध्ये ढकलतो. तो आकुंचन पावताना रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो वरचा आकडा. तो सैल पडतो तेव्हा जो दाब राहतो, तो खालचा आकडा. १२०/८० च्या आत असणे उत्तम. वेगवेगळ्या वेळी शांतपणे मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक निघाला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात.

ज्यांच्या शेतात पाइपलाइन आहे, त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. पाइपातील पाण्याचा दाब प्रमाणाबाहेर गेला की पहिल्याच दिवशी पाइप फुटत नाही. आधी सांधे ताणतात, मग कोठेतरी बारीक चीर पडते, आणि तिकडे मोटारीवर भार येऊन ती तापू लागते. शरीरातही तसेच घडते. मात्र पाइप निर्जीव आहे आणि रोहिणी सजीव आहे. ती दाबाला तोंड देण्याकरिता आपली भिंत जाड करते व हळूहळू ताठर बनते. तिच्या आतील नितळ अस्तराला इजा पोहोचते आणि तेथे चरबी साचू लागते. मेंदूतील केसासारख्या बारीक रोहिण्या कधी बुजतात, कधी फुटतात. त्यालाच आपण लकवा म्हणतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्या निकामी होतात. डोळ्यांचा पडदा बिघडतो. हृदयाचे काय होते? तालमीत मेहनत करणाऱ्या पैलवानाचा दंड जसा भरतो, तशी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. परंतु हे बळ नव्हे. जाड झालेली भिंत ताठर असते. तिला रक्त अधिक लागते आणि मिळते मात्र कमी. अखेरीस तो पंप थकतो, पायांवर सूज येते, चार पावले चालताच दम लागतो.

ह्या साऱ्या गोष्टी वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू असतात. दुखत नाही, खुपत नाही. आपण व्यापारी माणसे आहोत, म्हणून व्यापाराच्या भाषेत सांगतो. हे असे कर्ज आहे की, ज्याची मागणीची चिठ्ठी येत नाही. एकदम जप्तीच येते.

गोळी ही राखण खरोखर करते की काय, याचा पुरावा मिळावयास जगाला फार वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्च महिन्यात १८६/१०८ होता. त्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला देण्याजोगे प्रभावी औषध त्याच्या डॉक्टरांपाशी नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या वेळी त्यांचा वरचा आकडा ३०० च्या पुढे गेला होता. आज आपल्या खेड्यातील आरोग्य केंद्रात जी गोळी मिळते, ती त्या काळी अमेरिकेच्या अध्यक्षालाही मिळत नव्हती, हे आपण ध्यानात ठेवावे.

यानंतरच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचा हात आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग रक्तदाबावर होतो, असे लिहिले. त्यानंतर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला व १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगांच्या एका नामांकित नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देण्यात आले.

परंतु आकडा उतरणे ही एक गोष्ट, आणि माणूस वाचणे ही दुसरी. आकडा उतरविल्याने हृदय व रोहिण्या वाचतात काय, या प्रश्नाचा निकाल लावला तो अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी. डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट करण्यात आले. ७३ जणांना खरी औषधे दिली व ७० जणांना औषधासारख्या दिसणाऱ्या पण गुण नसलेल्या गोळ्या दिल्या. खऱ्या औषधांत लघवी वाढविणारे एक औषध होते, रोहिण्या सैल करणारे एक होते, आणि तिसरे होते आपल्या सर्पगंधेतील रेसर्पिन. १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर संकट ओढवले व ४ जण दगावले. खरी औषधे घेणाऱ्यांत असे संकट केवळ २ जणांवर आले, आणि मृत्यू एकही झाला नाही. एवढा वाढलेला दाब असणाऱ्यांपुरता तरी तेव्हापासून हा प्रश्न वादाचा राहिला नाही.

त्यानंतर औषधे सुधारत गेली. रेसर्पिनने काही जणांचे मन खिन्न होते असे आढळले, तेव्हा ते मागे पडले. सर्पगंधेच्या नावात सर्प आहे. परंतु पुढचे एक औषध तर खरोखरीच सापाच्या विषावरून सुचले. ब्राझील देशातील एका विषारी सापाच्या दंशाने माणसाचा दाब एकाएकी कोसळतो, हे पाहून शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले, आणि त्यातून घडलेले कॅप्टोप्रिल १९८१ साली वापरात आले. आपल्या शरीरात रोहिण्या आवळणारे एक द्रव्य तयार होत असते. ते तयार होऊ न देणे हे या औषधाचे काम. आज पुष्कळांना मिळणारी टेल्मिसार्टन ही गोळी त्याच वाटेवरची आहे. ती त्या द्रव्याचा परिणाम होऊ देत नाही. दुसरी परिचित गोळी अॅम्लोडिपिन. ती रोहिणीच्या भिंतीतील स्नायूंना सैल पाडते. तिसरा प्रकार शरीरातील जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचा. कोणाला कोणती, किती आणि एक की दोन, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. शेजाऱ्याला मानवली म्हणून आपण घेऊ नये.

हृदयाची जाड झालेली भिंत नियमित औषधाने काही अंशी पुन्हा पातळ होऊ शकते, असेही दिसून आले आहे. म्हणजे ही राखण केवळ पुढचे नुकसान टाळते असे नव्हे, तर झालेल्या नुकसानीचीही थोडीबहुत भरपाई करते. २०१६ साली जगभरच्या १२३ चाचण्यांतील ६ लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. वरचा आकडा १० ने उतरला, तर हृदय व रोहिण्यांचे मोठे आजार सुमारे पाचव्या हिश्श्याने आणि लकवा सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतो, असे त्यात आढळले. दहा अंशांची किंमत एवढी आहे!

आता आपल्या घरोघरी जी वाक्ये ऐकू येतात, त्यांचा विचार करू.

पहिले वाक्य माझेच : "सवय लागते." गोळीची सवय लागत नाही. व्यसनाची वस्तू सोडली की शरीर तिची मागणी करते. येथे गोळी सोडली की मूळचा दाब परत येतो, एवढेच. चष्मा काढला की अक्षर पुसट दिसते. त्यास आपण चष्म्याचे व्यसन म्हणत नाही.

दुसरे वाक्य : "मला काही त्रास नाही." त्रास नसणे हीच या रोगाची खूण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील ३५.५ टक्के प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे या मांडवात बसलेल्या मोठ्या माणसांपैकी दर तिघांत एकाचा नंबर लागावयास हरकत नाही, आणि त्यांतील कित्येकांना त्याची वार्ताही नसेल.

तिसरे वाक्य : "म्हातारपणी दाब वाढायचाच, आता औषध कशाला?" १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साठीच्या पुढील माणसांना औषध दिल्यावर लकव्याचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले. २००८ साली प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी ऐंशी वर्षांच्या पुढील माणसांवर केलेली होती. त्यातही औषधाने मृत्यू कमी झाले, आणि हृदय थकण्याचे प्रमाण तर निम्म्याहूनही खाली आले. म्हणून घरातील आजी-आजोबांना "आता राहू द्या" असे म्हणू नये. उठताना त्यांना चक्कर येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा कमी-अधिक करता येते.

चौथे वाक्य : "गोळीने पाय सुजले, खोकला आला, म्हणून सोडली." ही तक्रार खोटी नव्हे. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यावर सूज येते, आणि कॅप्टोप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. परंतु एक राखणदार मानवला नाही तर दुसरा ठेवावा. शेत उघडे टाकू नये. आज इतक्या जातींच्या गोळ्या आहेत की, बहुतेकांना मानवणारी एखादी निघतेच. गर्भवती भगिनींनी मात्र विशेष जपावे. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या गर्भास अपायकारक आहेत. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे.

पाचवे वाक्य आपल्या धर्मपरायण घरांतले : "आज उपास आहे." एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस! माळेगावच्या यात्रेला गेले की गोळ्या घरी राहतात. लग्नघरात तर कोणाला कशाची शुद्ध नसते. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने व्रताचा भंग होतो, असे मला वाटत नाही. फार कडक उपवास असेल, तर वेळेविषयी व मात्रेविषयी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. यात्रेच्या पिशवीत भंडाऱ्याच्या पुडीशेजारी गोळ्यांची पट्टीही असावी.

सहावे वाक्य : "मी मीठ सोडले, चालणे सुरू केले, मग गोळी कशाला?" मीठ कमी करणे व चालणे या दोन्ही गोष्टी उत्तमच होत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते; आपल्या देशातील सरासरी सुमारे ८ ग्रॅम आहे. आपल्या ताटातील पापड, लोणचे, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब आपणच करावा. तंबाखू तर रोहिण्यांची वैरीणच. दाब थोडासाच वाढलेला असेल, तर केवळ या पथ्याने तो आटोक्यात येऊ शकतो. परंतु डॉक्टरांनी गोळी सुरू केली असेल, तर पथ्य हे तिचे सोबती होय. तिच्या जागी बसणारे नव्हे. पथ्याने दाब पुष्कळ उतरला, तर मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. मास्तरांनी घेऊ नये.

सर्पगंधेची कथा ऐकून कोणी उद्या बाजारातून तिची मुळी आणून उगाळू नये, एवढीही विनंती करतो. त्या मुळीचे महत्त्व इतिहासात आहे. तिची मात्रा आपल्या हाती नाही.

खर्चाचे म्हणाल, तर ही राखण महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात तिशीच्या पुढील माणसांचा दाब विनामूल्य तपासण्याची आणि औषधे देण्याची सरकारी योजना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत कामाचा आरंभ झाला. त्यात नवल असे काहीच नव्हते. ठरावीक औषधांचा क्रम, महिनाभराच्या गोळ्या एकदम हाती, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो परत आला नाही त्याची चौकशी. म्हणजे आपल्या दुकानातील उधारीच्या वहीसारखाच हा कारभार : नाव लिहावयाचे, आणि जो फिरकत नाही त्याच्याकडे माणूस पाठवावयाचा! या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने पुरस्कार देण्यात आला.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की, प्रत्येक तालुक्याच्या शाखेत दाब मोजण्याचे एक चांगले यंत्र असावे, आणि तिशीच्या पुढील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजवून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी, लघवीस जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, आणि हात छातीच्या पातळीवर ठेवावा. धावत येऊन मोजलेला दाब खरा नव्हे. एकाच आकड्यावर घाबरूही नये. पुन्हा मोजावा व मग डॉक्टरांकडे जावे.

दुसरी विनंती महिला शाखेस. आपल्या घरांत सर्वांच्या गोळ्या वेळेवर देणारी बाई स्वतःचा दाब मात्र मोजवीत नाही. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझी गोळी विसरू नये म्हणून आमच्या सौ. रोज पाण्याचा पेला आणून ठेवीत. चार वर्षांनी त्यांचा दाब मोजला, तो माझ्याहून अधिक निघाला. त्या चार वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

तिसरी विनंती माझ्यासारख्या शिकलेल्या म्हणविणाऱ्यांस. आपल्या कुटुंबात आपला शब्द झेलला जातो. तेव्हा ज्यातले आपल्याला कळत नाही, त्यात शब्द देऊ नये. "डॉक्टरांना विचारा" एवढे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. हे मी २००७ च्या दिवाळीत म्हटले असते, तर आज येथे निराळे भाषण झाले असते. कदाचित झालेच नसते.

दादा त्यानंतर सहा वर्षे जगले. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि दुसरा झटका आला नाही. वाचा थोडी परतली, उजवा हात मात्र परतला नाही. ज्या हाताने तीस-पस्तीस वर्षे रोजकीर्द लिहिली, तो हात मांडीवर पडून राही. एके दिवशी त्यांनी खुणेने पाटी मागितली. मी शाळेतून पाटी-पेन्सिल आणली. ज्यांनी मला पहिली पाटी घेऊन दिली, त्यांच्या डाव्या हाताला धरून मी त्यांना अ, आ, इ गिरवावयास लावले. माझ्या हाताखालून शेकडो मुले गेली. असा विद्यार्थी मला पुन्हा न मिळो. सहा-सात महिन्यांत ते वाकडेतिकडे आकडे लिहू लागले. मग त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज सकाळी गोळी घेतली की डाव्या हाताने एक ठिपका द्यावयास सुरुवात केली. २०१५ साली ते गेले, तेव्हा त्या महिन्याच्या पानावर आदल्या दिवसापर्यंतचे ठिपके होते.

माझा स्वतःचा दाब २०१२ साली १६० च्या वर निघाला. तेव्हापासून मी रोज गोळी घेतो व दादांप्रमाणेच दिनदर्शिकेवर ठिपका देतो. मागील आठवड्यात मोजला, तो १२८/७८ आहे. कोणी विचारले की, "मास्तर, बरे झालात काय?" तर मी सांगतो, "नाही. राखणदार माळ्यावर आहे."

घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : "आजची गोळी घेतली काय?" एवढे झाले, तर माझ्या चुकीचे काही अंशी प्रायश्चित्त झाले, असे मी समजेन.